मूल तुम्ही सांभाळता, पण कायद्याने तुम्ही पालक आहात का?

दरवर्षी जून महिन्यात शाळेत प्रवेशाचे फॉर्म भरले जातात. त्यात ‘पालकाची सही’ असा एक रकाना असतो. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या रकान्यात अब्बा-अम्मीशिवाय कितीतरी सह्या पाहिल्यात. कुठे दादाजानचा थरथरत्या हाताचा अंगठा, कुठे खालाची उर्दूतली सही, कुठे दुकान सोडून घाईघाईत आलेल्या चाचाची. वडील गेले, आई गेली किंवा दोघंही गेले, तरी आपल्या समाजात मूल सहसा रस्त्यावर येत नाही. कोणी ना कोणी उचलून घेतं. ही आपल्या घरांची फार मोठी नेकी आहे.

पण काही वर्षांनी यातलंच एखादं मूल मोठं होऊन भेटायला येतं आणि विचारतं, "सर, अब्बांच्या घरात माझा हिस्सा होता ना? चाचांनी तो विकला. त्यांना तो हक्क होता का?" तेव्हा लक्षात येतं की शाळेच्या फॉर्मवरचा ‘पालक’ आणि कायद्याने मानलेला पालक हे दोन वेगळे लोक आहेत. ही गोष्ट बहुतेक घरांना वेळेवर कोणी सांगितलेलीच नसते.

म्हणून हा लेख. नातेवाईकाचं मूल सांभाळणाऱ्यांनी तो वाचावा. ज्यांची स्वतःची मुलं लहान आहेत त्यांनीही वाचावा, कारण अर्धं काम आईबापाने हयातीतच करून ठेवायचं असतं.

तीन वेगळ्या गोष्टी

मराठीत आपण आईवडिलांनाही पालक म्हणतो आणि सांभाळणाऱ्यालाही पालकच म्हणतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. शरीयत आणि देशाचा कायदा मिळून इथे तीन गोष्टी वेगळ्या धरतात.

पहिली हिजानत. म्हणजे मूल कोणाजवळ राहणार, त्याला कोण खाऊपिऊ घालणार, कोण झोपवणार, आजारपणात उशाशी कोण बसणार. यालाच कोर्टाच्या भाषेत ताबा म्हणतात.

दुसरी वलायत-ए-नफ्स. म्हणजे मुलाच्या व्यक्तीचं पालकत्व. त्याचं शिक्षण, उपचार, राहण्याची जागा यांबाबत मोठे निर्णय घेण्याचा अधिकार.

तिसरी वलायत-ए-माल. म्हणजे मुलाच्या मालमत्तेचं पालकत्व. घर, जमीन, दुकान, बँकेतला पैसा, विम्याची रक्कम यांचा कारभार.

एकाच माणसाकडे तिन्ही असतीलच असं नाही. मुलं अम्मीजवळ वाढतात, पण मालाची वली ती आपोआप होत नाही. चाचा दहा वर्षं फी भरतात, म्हणून त्यांना मुलाची जमीन विकता येत नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मूल सांभाळल्याने मुलाच्या मालावर हक्क येत नाही.

हिजानत कोणाकडे?

हनफी मजहबात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानतचा पहिला हक्क आईचा. आई नसेल तर तो नानीकडे जातो, मग दादीकडे, मग सख्ख्या बहिणीकडे, पुढे इतर बहिणी, भाच्या, खाला आणि फुफी असा क्रम आहे. या स्त्रियांपैकी कोणी नसेल तर बाप, दादा, भाऊ असे पुरुष नातेवाईक येतात. मुलगी असेल तर गैर-महरम पुरुषाकडे तिचा ताबा जात नाही.

कोकणातली बरीचशी मुस्लिम घरं शाफई मजहबाची आहेत. तिथे मूल समजदार झालं, म्हणजे साधारण सात वर्षांचं झालं, की आई आणि बाप यांपैकी कोणाजवळ राहायचं हे ते स्वतः निवडू शकतं. शिया फिकहमध्ये आईची हिजानत मुलासाठी दोन वर्षांपर्यंत आणि मुलीसाठी सात वर्षांपर्यंत मानली जाते.

हे झाले मजहबी नियम. प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीश हे नियम विचारात घेतात, पण शेवटचं वजन मुलाच्या भल्याला देतात. उदाहरणार्थ, आईने गैर माणसाशी दुसरा निकाह केला की तिची हिजानत जाते असं जुनं मत आहे. कोर्ट मात्र तेवढ्या एका कारणावर मूल काढून घेईलच असं नाही. मूल तिथे सुखात आहे का, शाळा नीट चालू आहे का, घर सुरक्षित आहे का, हे आधी पाहिलं जातं.

मालाचा वली कोण?

सर्वांत जास्त चुका इथे होतात. हनफी कायद्याप्रमाणे लहान मुलाच्या मालमत्तेचे कायदेशीर वली चारच:

१. वडील
२. वडिलांनी वसीयत करून नेमलेला वसी
३. दादा, म्हणजे वडिलांचे वडील
४. दादांनी वसीयत करून नेमलेला वसी

शाफई फिकहमध्ये वडिलांनंतर दादा येतात आणि वसी त्यांच्या नंतर. या यादीत कोणी नसेल तर पालक नेमण्याचा अधिकार पूर्वी काजीकडे होता, आज तो कोर्टाकडे आहे.

या यादीत अम्मी नाही. भाऊ नाही, चाचा नाही, मामू नाही, नाना-नानीही नाहीत. हे सगळे मूल सांभाळत असतील तर कायदा त्यांना ‘वस्तुतः पालक’ म्हणतो, म्हणजे प्रत्यक्षात सांभाळणारे पण अधिकारपत्र नसलेले. मुलाच्या खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची किंवा उपचाराची खरी निकड असेल तर अशा माणसाला मुलाच्या जंगम वस्तू विकता येतात. घर, जमीन, गाळा विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही.

ही गोष्ट कोर्टांनी शंभर वर्षांपूर्वीच स्पष्ट केली आहे. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर इमामबंदी खटला आला. त्यात आईने आपल्या लहान मुलांचा हिस्सा विकला होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली हे स्वतः मुस्लिम कायद्याचे मोठे जाणकार होते. कोर्टाने नेमलेलं नसताना आईला मुलांची स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार नाही, असं त्यांनी ठरवलं. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात मोठ्या भावाने लहान भावाच्या वतीने कुटुंबातल्या वाटणीच्या करारावर सही केली होती. तो करारही रद्दबातल ठरला. १९९६ मध्ये आईने केलेल्या विक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हेच सांगितलं.

आईला वाईट वाटेल असा हा नियम आहे, आणि ते वाटणं स्वाभाविक आहे. पण त्यावर दोन सोपे मार्ग आहेत. वडिलांनी हयातीतच वसीयतनामा करून बायकोला मुलांची वसी नेमावं. शरीयत याला परवानगी देते. ते राहून गेलं असेल तर आईने कोर्टातून स्वतःची नेमणूक करून घ्यावी. कोर्ट आईचा अर्ज सहसा सहानुभूतीनेच पाहतं.

हिस्सा किती, हे आधी समजून घ्या

समजा एक माणूस वारला. मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. त्याचे आईवडील आधीच गेलेले. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि बायकोचा बाकी महर दिल्यानंतर घराची किंमत २४ लाख धरू. बायकोचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे ३ लाख. उरलेले २१ लाख मुलगा आणि मुलीत दोनास एक या प्रमाणात, म्हणजे मुलाचे १४ लाख आणि मुलीचे ७ लाख.

आता नीट बघा. २४ लाखांतले २१ लाख दोन अज्ञान मुलांचे आहेत. ज्या घराला सगळे ‘भाभीचं घर’ म्हणतात किंवा ‘भाईचं घर, म्हणजे आमचंच’ म्हणतात, त्याचा सातअष्टमांश भाग शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या मालकीचा आहे. त्यात मुलीचाही हिस्सा आहे. लग्नात खर्च केला म्हणून तो संपत नाही.

वडील गेल्यावर काही महिन्यांत घरात एक कागद फिरतो, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. विधवा सुनेला सांगितलं जातं, "तू तुझी आणि मुलांची सही कर, पुढे आम्ही बघून घेऊ." आईला स्वतःचा हिस्सा सोडायचा असेल तर ती सोडू शकते, तो तिचा मामला आहे. मुलांचा हिस्सा तिला सोडता येत नाही. कोर्टाची परवानगी नसताना मुलांच्या वतीने केलेली ती सही कायद्यापुढे टिकत नाही. अशा कागदावर घर विकत घेणाराही पुढे अडचणीत येतो.

गावाकडे जमीन असेल तर सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असं लिहून कोणाचं तरी नाव येतं. अज्ञान पालक कर्ता असा त्याचा अर्थ. तलाठ्याकडे नोंद झाली म्हणजे आपण वली झालो, असं पुष्कळांना वाटतं. ती नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते. तिच्यामुळे जमीन विकण्याचा अधिकार मिळत नाही.

विमा आणि बँकेचंही तसंच. पॉलिसीत मूल नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने रक्कम घ्यायला एक मोठा माणूस नेमलेला असतो. चाचांच्या खात्यात चेक आला तरी तो पैसा चाचांचा होत नाही. तो मुलाच्या नावावर मुदत ठेवीत गेला पाहिजे.

कोर्टातून पालकत्व कसं घ्यायचं?

यासाठीचा कायदा जुना आहे: पालक व पाल्य अधिनियम, १८९०. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. या कायद्यात १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती अज्ञान मानली जाते. मजहबी दृष्टीने मूल आधी बालिग होत असलं तरी मालमत्तेच्या व्यवहाराला १८ हेच वय धरतात.

अर्ज कोण करू शकतो? मुलाचा कोणताही नातेवाईक किंवा मित्र. पालक व्हायची इच्छा असणाराही करू शकतो.

कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या कोर्टात. मुलाच्या व्यक्तीचं पालकत्व आणि ताबा यांचे अर्ज, जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात चालतात. मालमत्तेच्या पालकत्वासाठी जिल्हा न्यायालय. मुंबईत काही प्रकरणं उच्च न्यायालयातही जातात, म्हणून आधी वकिलाला विचारून घ्यावं.

अर्जात काय लिहायचं? मुलाचं नाव, धर्म, जन्मतारीख आणि पत्ता. मूल सध्या कोणाजवळ आहे ते. मालमत्ता काय आहे, कुठे आहे आणि साधारण किती किमतीची आहे ते. जवळचे नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात ते. पूर्वी कोणी अर्ज केला होता का, आणि आता पालक नेमण्याची गरज का पडली. ज्याला पालक व्हायचं आहे त्याने तयारी असल्याचं लेखी द्यायचं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. कोर्ट नातेवाइकांना नोटीस काढतं. कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते.

न्यायाधीश काय पाहतात? कलम १७ मध्ये ते लिहिलेलं आहे. मुलाचं वय, लिंग आणि धर्म. होणाऱ्या पालकाचं चारित्र्य आणि कुवत. नातं किती जवळचं आहे. वारलेल्या आईबापाची इच्छा काय होती. मुलाच्या मालमत्तेशी या माणसाचा आधीचा किंवा आजचा काही संबंध आहे का. मूल समजदार असेल तर त्याला स्वतःला काय हवं आहे.

पैसा जास्त असलेला नातेवाईकच जिंकतो असं नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात कोरोनामध्ये आईबाप गमावलेल्या एका लहान मुलाचं प्रकरण आलं. एका बाजूला दादा-दादी, दुसऱ्या बाजूला नोकरी करणारी, वयाने लहान असलेली मावशी. कोर्टाने मूल दादा-दादींकडे सोपवलं आणि केवळ वय किंवा उत्पन्न पाहून हा प्रश्न सुटत नाही असं स्पष्ट केलं.

वकिलाच्या फीची भीती असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. त्यांचा मदत क्रमांक १५१००.

पालक झालात, आता जबाबदारी काय?

कुरआन शरीफमध्ये सूरह निसाच्या सुरुवातीलाच यतीमांच्या मालाबद्दल कडक ताकीद आहे. त्यांचा चांगला माल घेऊन आपला खराब माल त्यांना देऊ नका, त्यांचा माल आपल्या मालात मिसळून खाऊ नका. पालक खाऊनपिऊन सुखी असेल तर त्याने काही घेऊ नये, गरजू असेल तर रीतीप्रमाणे माफक घ्यावं. माल परत करताना साक्षीदार ठेवावेत, हेही तिथेच आहे.

१८९०चा कायदा जवळपास हेच वेगळ्या भाषेत सांगतो. पालकाचं नातं विश्वासाचं आहे, त्याने आपल्या पदातून फायदा घ्यायचा नाही. मेहनताना हवा असेल तर कोर्टाने ठरवलेलाच घ्यायचा. आपण ज्याला अमानत म्हणतो ती हीच.

मुलाच्या व्यक्तीचा पालक असेल तर त्याने मुलाचा सांभाळ, तब्येत आणि शिक्षण बघायचं. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर कायमचं हलवायचं नाही. नोकरीसाठी आखाती देशात जाताना भाच्यालाही सोबत न्यायचं असेल तर आधी कोर्टाला विचारा.

मालमत्तेचा पालक असेल तर त्याने शहाण्या माणसाने स्वतःची मालमत्ता जपावी तशी ती जपायची. कोर्टाने सांगितलं तर जामीनपत्र द्यायचं आणि सहा महिन्यांत मालमत्तेची, पैशाची, येण्यादेण्याची यादी सादर करायची. वेळोवेळी हिशेबही द्यायचा.

कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याने मुलाची स्थावर मालमत्ता विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, बक्षीस द्यायची नाही, बदलायची नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही द्यायची नाही. मूल अठराचं झाल्यावर वर्षभरापेक्षा जास्त चालेल असा भाडेकरारही करायचा नाही. परवानगी मिळते ती खरी निकड असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच. पालकाने हे पाळलं नाही तर कोर्ट त्याला काढून टाकू शकतं.

मी घरोघरी एकच सल्ला देतो. एक शंभर पानी वही घ्या. डाव्या बाजूला मुलाचं आलेलं लिहा: भाडं, व्याज, शिष्यवृत्ती. उजव्या बाजूला मुलासाठी गेलेलं लिहा: फी, दवाखाना, ईदचे कपडे. पावत्या पिशवीत जपून ठेवा. पुढे दहा वर्षांनी कोणी बोट दाखवलं तर ती वहीच तुमची साक्षीदार होईल. आणि मुलालाही कळेल की त्याच्यासाठी कोणी काय केलं.

या गोष्टींचा अधिकार कोणालाच नाही

लग्न: मुलीचं १८ आणि मुलाचं २१ वर्षांआधी लग्न लावणाऱ्या पालकालाही बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘यतीम पोरगी आहे, लवकर उरकून टाकू’ हे वाक्य फार घरांत ऐकू येतं. लवकर उरकल्याने तिचं भलं होत नाही. पंधराच्या आत कोणी निकाह लावून दिला असेल आणि पतीपत्नीचे संबंध आले नसतील, तर अठरा पूर्ण होण्याआधी तो निकाह नाकारण्याचा मुलीला हक्क आहे. तो तिला १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने दिला आहे.

काम: १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. चाचा किंवा मामूच्या दुकानात शाळा सुटल्यावर थोडी मदत चालते, तीही धोक्याच्या कामात नाही. शाळा बंद करून गॅरेजमध्ये बसवणं हा गुन्हा आहे.

मारहाण आणि उपासमार: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. असं काही दिसलं तर शेजाऱ्यानेही १०९८ वर फोन करावा.

पळवून नेणं: ताब्याचं भांडण असेल तर रात्री येऊन मूल उचलून नेऊ नका. कायदेशीर पालकाच्या किंवा ज्याच्याकडे मूल रीतसर सोपवलं आहे त्याच्या संमतीशिवाय नेलं तर अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. मग नातं राहतं बाजूला आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात.

बाप हयात असेल तर?

आई गेली, मूल नानीकडे वाढलं आणि बापाने दुसरा निकाह केला, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. कायद्याने बाप हयात असताना आणि तो नालायक नसताना दुसऱ्या कोणाला मुलाच्या व्यक्तीचा पालक नेमता येत नाही. पण बापाचा हा हक्कही मुलाच्या भल्यापेक्षा मोठा नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने नाना-नानींकडे वाढलेल्या एका मुलाचा ताबा बापाला द्यायला नकार दिला. त्या बापावर पत्नीच्या मृत्यूप्रकरणी खटला चालू होता आणि मुलालाही त्याच्याकडे जायचं नव्हतं.

साध्या घरात मात्र कोर्टापेक्षा समजुतीचा रस्ता बरा. मूल कोणाकडे राहणार, दुसरी बाजू कधी भेटणार, खर्च कोण किती देणार, ईद कुठे होणार, हे दोन्ही घरच्या बुजुर्गांसमोर कागदावर लिहून घ्या. नानीकडे राहणाऱ्या मुलाचा खर्च बापाकडून मागणं ही भीक नाही, तो त्या मुलाचा हक्क आहे.

दत्तक, कफालत आणि यतीम नातू

आपल्याकडे दत्तकाने नसब बदलत नाही. सांभाळलेल्या मुलाच्या नावामागे त्याच्या खऱ्या बापाचंच नाव राहतं आणि सांभाळणाऱ्याचा वारसाही त्याला आपोआप मिळत नाही. याला कफालत म्हणतात. बाल न्याय कायद्याखाली मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्या मार्गाने जायचं की नाही, ही ज्याची त्याची निवड.

कफालतीतल्या मुलाला काही द्यायचं असेल तर दोन रस्ते आहेत. हयातीत हिबा करून ताबा देणं, किंवा जास्तीत जास्त एक तृतीयांश मालमत्तेची वसीयत करणं.

दादाजानांनी हे नीट ऐकावं. मुलगा तुमच्या आधी गेला आणि तुमचा दुसरा मुलगा हयात असेल, तर त्या यतीम नातवाला तुमच्या मालात वारसा मिळत नाही. त्याचं घर, त्याचं दूध, त्याची फी तुम्ही बघत असाल, पण तुमच्या डोळे मिटण्याबरोबर त्याच्या पायाखालची जमीन जाते. तो वारस नाही, म्हणूनच त्याच्या नावे एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते आणि त्याला इतर वारसांची परवानगी लागत नाही. एका कागदाचं काम आहे. उद्यावर टाकू नका.

कोर्टाच्या कागदाशिवायही होणारी कामं

शाळेचा प्रवेश अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला वयाचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

१२ वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला, मूल ज्याच्या रीतसर सांभाळात आहे त्याने चांगल्या हेतूने दिलेल्या संमतीला कायदा संरक्षण देतो. दवाखान्यात सहीसाठी घाबरून वेळ घालवू नका.

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ आणि एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची मदत दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि रहिवासी पुरावा तयार ठेवा.

मूल अठराचं झालं की

पालकत्व त्या दिवशी संपतं. सगळे कागद, पासबुकं, ठेवीच्या पावत्या आणि हिशेब दोन साक्षीदारांसमोर मुलाच्या हातात द्या आणि त्याची लेखी पोच घ्या. कोर्टाने नेमलं असेल तर कोर्टाकडून मोकळे झाल्याचा आदेश घ्या.

आणि आता अठराचं झालेल्या मुलासाठी: कोर्टाच्या पालकाने परवानगीशिवाय तुझी मालमत्ता विकली असेल तर ती विक्री रद्द करून घेण्यासाठी साधारण तीन वर्षांचीच मुदत असते. म्हणून चाचांशी भांडायच्या आधी वकिलाला भेट आणि कागद दाखव. हिशेब मागणं म्हणजे बेअदबी नव्हे. ज्यांनी वाढवलं त्यांचे आभारही मान, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात.

पहिल्या परिच्छेदातल्या त्या फॉर्मकडे परत येतो. तिथे सही करणारा प्रत्येक चाचा, मामू, खाला माझ्या नजरेत मोठा माणूस आहे. फक्त घरी गेल्यावर त्यांनी तीन गोष्टी कराव्यात: मुलाचा हिस्सा किती ते लिहून ठेवावं, मालमत्ता असेल तर कोर्टाची नेमणूक घ्यावी आणि ती वही उघडावी. यतीमाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचा सवाब मोठा आहे. त्या हाताने त्याचा कागदही सांभाळावा, एवढीच दुआ.